आधी पोटभर, मग प्रथिनं

उष्टावणाचे दिवस आले की उमरग्यात काय, कुठल्याही तालुक्याच्या गावी एक प्रश्न हमखास निघतो : बाळाच्या मेंदूसाठी कोणती प्रोटीन पावडर आणावी? माझं उत्तर ठरलेलं आहे. डबा राहू द्या, वरणभातात चमचाभर तेल-तूप वाढवा.

जन्मताना साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास असणारा मेंदू वर्षभरात दुपटीपलीकडे जातो. पेशींना फांद्या फुटतात, त्या एकमेकींशी जुळतात. या जुळणीला लागणारी प्रथिनं अन्नातून आयती येत नाहीत, पेशी ती स्वतः घडवते. तिच्यातले रायबोसोम अमिनो आम्लं एकापुढे एक ओवत जातात. हे रायबोसोम फांद्यांवरच्या जुळणीपाशीही आढळतात, हे १९८२ मध्ये दिसून आलं. म्हणजे गरज जिथे, घडण तिथेही. पण एकेक अमिनो आम्ल जोडायला किमान चार एटीपींइतकी (एटीपी म्हणजे पेशीतलं ऊर्जेचं चलन) ऊर्जा खर्ची पडते. ती कमी पडली, तर शरीर खाल्लेली प्रथिनंच जाळतं.

साताऱ्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे ‘आधी पुरेसं अन्न, मग प्रथिनं’ हेच पोटतिडकीने सांगत. १९५१ पासून ते रोमला जागतिक अन्न व कृषी संघटनेत होते. जगभर ‘प्रथिनांची तूट’ गाजत असताना त्यांनी आकडेवारीतून दाखवलं, की गरिबांना आधी एकूण अन्नच कमी पडतं. शरीर कमी अन्नाशी जुळवून घेतं, हे त्यांचं पुढचं म्हणणं मात्र वादग्रस्त ठरलं, आणि लहान मुलांच्या बाबतीत तरी मला ते मान्य नाही.

उमरग्याच्या शिवारात ज्वारी आहे, तूर आहे. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी, ते तुरीत भरपूर. तुरीत मेथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल कमी, ते ज्वारी भरून काढते. डब्यातली प्रथिनंही याच अमिनो आम्लांची असतात. चुकतं ते भरवण्यात. बाळाचं पोट इवलंसं, आणि आपण त्यात वरणाचं नुसतं पाणी ओततो! सहा महिन्यांनंतर चमच्यावरून ओघळणार नाही असं घट्ट, घोटलेलं, तेल घातलेलं अन्न दोन-तीन वेळा, पुढे तीन-चार वेळा, आणि सोबत अंगावरचं दूध.

पण पहाटे फडात उतरणाऱ्या ऊसतोड आईने हे कधी करायचं? तिला सल्ला देणं पुरेसं नाही. फडाजवळ पाळणाघर हवं, तिथे गरम जेवण हवं, आणि त्याचा खर्च साखर कारखान्यांनी उचलायला हवा. येत्या गळीत हंगामाच्या आधी.