अजब आहे, पण कसं कळलं?

आमच्या शाळेच्या जिन्याखाली एक जुना फळा आहे. गेल्या वर्षापासून दर शनिवारी मुलं त्यावर एक अजब गोष्ट लिहितात. विज्ञानाची, निसर्गाची, भाषेची, सिनेमाची, कशाचीही चालते. नियम मात्र एकच आहे. गोष्टीच्या खाली 'हे कसं कळलं?' या प्रश्नाचं उत्तर लिहायचं. उत्तर नसेल तर गोष्ट कितीही मजेदार असो, फळ्यावर चढत नाही.

मुलं कुरकुरतात. आठवीतल्या एकाने तर सरळच विचारलं, "आपा, मजा आहे तर मजा घेऊ द्या ना. त्यात परीक्षा कशाला?" त्याला दिलेलं उत्तर जरा लांबलं होतं. या महिन्याचं सदर त्यावरच लिहिते.

बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. बी.एड. होऊन मी नुकतीच नोकरीला लागले होते. सातवीला विज्ञान शिकवायचं होतं. चार रंगांचे खडू घेऊन मी फळ्यावर मोठी जीभ काढली. टोकाला गोड, कडांना खारट आणि आंबट, मागे कडू. तेव्हाच्या पुस्तकांतून हे चित्र सर्रास असायचं. मीही लहानपणी हेच शिकले होते.

दुसऱ्या दिवशी एका मुलीने हात वर केला. "आपा, मी काल घरी मीठ लावून बघितलं. टोकालापण खारटच लागलं. लिंबूपण लागलं."

मी म्हणाले, "नीट लावलं नसशील. पुस्तकात आहे तेच बरोबर." वर्ग हसला. ती खाली बसली. पुढे घटक चाचणीत तिने लिहिलं, 'जिभेच्या सगळ्या भागांना सगळ्या चवी कळतात.' मी त्यावर लाल फुली मारली. तिचे दोन गुण गेले.

तिचं उत्तर बरोबर होतं. हे मला समजायला बरीच वर्षं लागली.

झालं होतं असं. १९०१ साली हेनिग नावाच्या जर्मन संशोधकाने जिभेच्या कडेकडेने निरनिराळ्या चवींचे थेंब ठेवून कुठे किती सौम्य चव कळते ते मोजलं. फरक सापडला, पण अगदी किरकोळ. १९४२ साली हार्वर्ड विद्यापीठाचे एडविन बोरिंग यांनी त्या आकड्यांचा आलेख आपल्या पुस्तकात दिला. फरक किती लहान आहे ते मात्र आलेखावरून कळत नव्हतं. वाचणाऱ्यांनी 'थोडं कमी' याचा अर्थ 'अजिबात नाही' असा घेतला आणि जिभेचा नकाशा तयार झाला. १९७४ साली व्हर्जिनिया कॉलिंग्ज यांनी पुन्हा मोजलं, तेव्हा फरक किरकोळच निघाला. जिथे रुचिकलिका आहेत, तिथे सगळ्याच चवी कळतात.

शिवाय चवी चारच नाहीत. १९०८ साली जपानमध्ये किकुनाए इकेदा यांनी समुद्री वनस्पतीच्या रश्शातून पाचवी चव वेगळी काढली आणि तिला 'उमामी' नाव दिलं. आपल्या घरी मंद आचेवर तासन् तास उकळलेल्या यखनीला जी खोल, भरदार चव येते, ती हीच.

हा नकाशा तपासायला प्रयोगशाळा लागत नव्हती. चिमूटभर मीठ पुरे होतं. जगभरच्या वर्गांत तो कित्येक वर्षं शिकवला गेला आणि शिकवणाऱ्यांत मीही होते. मीठ लावून पाहिलं ते त्या मुलीने.

तेव्हापासून कुठलीही अजब गोष्ट ऐकली की मी आधी विचारते, कसं कळलं?

'चीनची भिंत चंद्रावरून दिसते' हे वाक्य घ्या. सामान्यज्ञानाच्या कित्येक पुस्तकांत ते सापडेल. कसं कळलं? माणूस चंद्रावर उतरला १९६९ साली. ही गोष्ट मात्र त्याआधी कित्येक दशकं छापली जात होती. म्हणजे कोणी पाहण्याआधीच ती 'दिसत' होती! आता हिशेब करा. चंद्र सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटर लांब. भिंत लांबच लांब असली तरी रुंदी जेमतेम पाच-सहा मीटर. म्हणजे डोक्याचा एक केस चार किलोमीटरवरून पाहण्यासारखं झालं. चीनचे पहिले अंतराळवीर यांग लिवेई २००३ साली पृथ्वीभोवती फिरून आले. ते तर चंद्राच्या मानाने पृथ्वीच्या अगदी जवळ होते. त्यांनीही सांगितलं की भिंत दिसली नाही.

दुसरी गोष्ट इंग्रजीच्या तासाची. 'न्यूज' हा शब्द नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ या चार दिशांच्या पहिल्या अक्षरांपासून झाला, असं मुलं दरवर्षी सांगतात. ऐकायला छान आहे, पण खोटं आहे. 'न्यू' म्हणजे नवं, आणि त्याचं अनेकवचन 'न्यूज', म्हणजे नव्या गोष्टी. शब्दकोश उघडला की दोन मिनिटांत उलगडा होतो.

तुम्ही म्हणाल, चीनची भिंत दिसली काय नि न दिसली काय, आपलं काय बिघडतं? भिंतीने काही बिघडत नाही, सवयीने बिघडतं. ज्या अंगठ्याने आपण घरच्या ग्रुपवर 'माहीत आहे का?' पुढे ढकलतो, त्याच अंगठ्याने उद्या साखरेच्या आजारावरचा उपाय पुढे जातो आणि परवा एखाद्या मोहल्ल्याविषयीची बातमी. हात तोच, घाईही तीच.

पण पडताळणीने मजा जाते, असं मात्र समजू नका. मला तर उलटाच अनुभव आला. तपासून उरतात त्या गोष्टी जास्त अजब असतात.

एका मुलाने लिहून आणलं, 'शुक्रावरचा दिवस शुक्राच्या वर्षापेक्षा मोठा असतो.' लगेच दुसरीने विचारलं, "म्हणजे तिथे वर्षभरात सूर्य उगवतच नाही?" आम्ही सगळे मिळून शोधायला बसलो. शुक्र स्वतःभोवती एकदा फिरायला आपले सुमारे २४३ दिवस घेतो आणि सूर्याभोवती फिरायला सुमारे २२५. म्हणजे मुलाचं वाक्य खरं होतं. पण शुक्र उलट्या दिशेने फिरतो. त्यामुळे एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत सुमारे ११७ दिवसच जातात, आणि सूर्य उगवतो पश्चिमेला! मग हे कसं कळलं? शुक्रावर ढगांचा इतका जाड पडदा आहे की दुर्बिणीतून जमीन दिसत नाही. १९६०च्या दशकात शास्त्रज्ञांनी पृथ्वीवरून रडारच्या लहरी सोडल्या आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून फिरण्याचा वेग काढला. शेवटी फळ्यावर 'दिवस म्हणजे नेमकं काय?' हेही लिहावं लागलं. दुसरीच्या शंकेमुळे पहिल्याचं वाक्य पक्कं झालं.

कोकणातून आलेल्या एका मुलीने लिहिलं, 'ऑक्टोपसला तीन हृदयं असतात आणि त्याचं रक्त निळं असतं.' हे खरं आहे. दोन हृदयं कल्ल्यांकडे रक्त ढकलतात आणि तिसरं उरलेल्या शरीराला पुरवतं. आपल्या रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या द्रव्यात लोह असतं, म्हणून ते लाल. त्याच्या रक्तात त्या जागी तांबं असतं, म्हणून निळं. मी म्हटलं, तुझ्या नानीच्या घरी माकुल येतं ना? तेही ऑक्टोपसच्याच नात्यातलं. त्यालाही तीन हृदयं असतात. ते साफ करताना शाई हाताला लागते, पण लाल रक्त दिसत नाही, ते यामुळेच. पुढच्या सुट्टीत तिने ओट्याजवळ उभं राहून ते डोळ्यांनी पाहिलं. फळ्यावर 'कसं कळलं?'च्या खाली तिने लिहिलं, 'पुस्तकात वाचलं आणि नानीने साफ करताना पाहिलं.'

फळांचंही तसंच. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने केळं, टोमॅटो आणि वांगं या तिन्ही 'बेरी' आहेत. फुलातल्या एकाच अंडाशयापासून तयार झालेलं गरदार फळ म्हणजे बेरी. आणि नावातच बेरी असलेली महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी मात्र बेरी नाही! तिचा लाल गर म्हणजे फुलाचा खालचा भाग फुगलेला असतो. वरचे बारीक ठिपके आपण बिया समजतो, पण ती एकेक छोटी फळं असतात. हे कळायला फुलाचं फळ होताना पाहत राहायचं, बस.

भाषेतली गोष्ट तर माझ्या जिव्हाळ्याची. चेकवर आपण 'रुपये पाचशे फक्त' असं लिहितो. माझ्या दादीच्या उर्दू पत्रांच्या शेवटी 'फकत' असायचं, म्हणजे 'बस, एवढंच'. शब्द एकच, मूळचा अरबी. उर्दूत तो पत्र संपवतो आणि मराठीत रकमेला कुंपण घालतो. त्याच्याहून लांबचा प्रवास शून्याचा. संस्कृतातला 'शून्य' अरबीत गेला तो 'सिफर' होऊन. तिथून लॅटिनमार्गे युरोपात गेला आणि त्याचे दोन शब्द झाले, 'झिरो' आणि 'सायफर'. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मी यांनी भारतीय अंकांवर पुस्तक लिहिलं. लॅटिन भाषांतरात त्यांच्या नावाचं जे रूप झालं, त्यातून आजचा 'अल्गोरिदम' शब्द आला. कसं कळलं? संस्कृत, अरबी, लॅटिन हस्तलिखितं एकापुढे एक ठेवून.

शेवटी सिनेमा, कारण मुलांना तो लागतोच. पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात लागला. दिग्दर्शक अर्देशीर इराणी. त्यात सात गाणी होती. त्यातलं पहिलं फकिराच्या भूमिकेतल्या वझीर मोहम्मद खान यांनी गायलं. स्टुडिओजवळून रेल्वे जायची. गाडीचा आवाज नको म्हणून बरंचसं चित्रीकरण रात्री उशिरा झालं. आज या सिनेमाची एकही प्रत शिल्लक नाही. उरली आहेत ती छायाचित्रं आणि जाहिराती.

प्रत कुठे गेली? '२००३ साली पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला आग लागली, त्यात जळाली', असं ठिकठिकाणी छापलेलं आहे. मीही वर्गात तसंच सांगितलं होतं. पुढे वाचनात आलं की संग्रहालयाचे संस्थापक पी. के. नायर यांनीच ही गोष्ट चुकीची असल्याचं सांगितलं होतं. सिनेमा त्या आगीच्या कितीतरी आधीच हरवला होता. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन मी म्हणाले, "काल मी चुकीचं सांगितलं." वर्ग हसला नाही. एकीने वही उघडली आणि आगीची ओळ खोडली. त्या शांततेत मला ती जुनी लाल फुली आठवली.

ती मुलगी मला गेल्या वर्षी पालकसभेत भेटली. तिची लेक आता माझ्या वर्गात आहे. सगळे गेल्यावर मी तिला थांबवलं आणि म्हटलं, "तुझे दोन गुण माझ्याकडे राहिलेत. जिभेच्या प्रश्नाचे. तुझं उत्तर बरोबर होतं."

ती आधी हसली. "आपा, अजून लक्षात आहे तुमच्या? मला तर गुणांचं काही आठवत नाही." मग लेकीच्या ओढणीची गाठ नीट करत म्हणाली, "पण त्यानंतर विज्ञानाच्या तासाला मी हात वर केला नाही, ते आठवतं."

यावर मला काही बोलता आलं नाही. दोन गुण परत देता येतात. तेवढी वर्षं कुठून देणार?

त्याच आठवड्यात जिन्याखालचा फळा पुसून काढला. पहिली अजब गोष्ट मीच लिहिली, 'जिभेच्या सगळ्या भागांना सगळ्या चवी कळतात.' खाली लिहिलं, 'कसं कळलं? या शाळेतल्या सातवीच्या एका मुलीने घरी मीठ लावून पाहिलं.' तिची लेक ते बराच वेळ वाचत उभी होती. आपल्या अम्मीविषयी लिहिलंय, हे तिला ठाऊक होतं की नाही, मी विचारलं नाही.

आज रात्री जेवण झाल्यावर मुलांना घेऊन बसा. साखरेचं पाणी, मिठाचं पाणी, लिंबाचं पाणी आणि कानकोरणीचा कापूस एवढं पुरेल. डोळे बांधून जिभेच्या टोकाला, कडेला थेंब लावा आणि चव ओळखायला सांगा. दर वेळी साध्या पाण्याने चूळ भरू द्या. मुलांचं उत्तर तुमच्यापेक्षा वेगळं आलं, तर लगेच 'नीट लावलं नसशील' म्हणू नका. पुन्हा एकदा लावून बघा, या वेळी स्वतःच्या जिभेवर.