हेडफोन घेण्यापूर्वी गोंगाटाची ओळख

एकत्र कुटुंबाच्या घरात शांतता क्वचितच लाभते. सकाळी मिक्सर आणि कुकरच्या शिट्ट्या, दुपारी पाहुण्यांची वर्दळ, सायंकाळी दूरदर्शन संच. तळमजल्यावर दुकान असेल तर टेम्पोतून माल उतरविण्याची आदळआपटही त्यात मिसळते. अशा घरात एखादा मुलगा सीएच्या परीक्षेचा अभ्यास करीत असतो आणि सूनबाई जीएसटीचे विवरणपत्र भरण्यात गुंतलेल्या असतात. साहजिकच ‘बाहेरचा आवाज बंद करणारे’ हेडफोन घेण्याचा विषय निघतो. बाजारात ते स्वस्तापासून महागड्यापर्यंत निरनिराळ्या किमतींना मिळतात. कर्जाचा अर्ज तपासताना आम्हा बँकवाल्यांचा पहिला प्रश्न रकमेचा नसे, प्रयोजनाचा असे. येथेही तोच क्रम योग्य ठरतो. आपल्याला नेमका कोणता आवाज नको आहे, हे आधी ठरवावे.

आवाज रोखण्याच्या पद्धती दोन आहेत. पहिली अडथळ्याची. कानावर जाड गादी घट्ट बसली किंवा कानाच्या छिद्रात मऊ टोक नीट बसले की ध्वनी आत शिरत नाही. दुसरी पद्धत विद्युत यंत्रणेची असून तिला ‘अ‍ॅक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन’, संक्षेपाने एएनसी, म्हणतात. हेडफोनमधील सूक्ष्म मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतो आणि यंत्रणा त्याच्या नेमकी उलट ध्वनिलहर निर्माण करते. जमा आणि नावे समान झाल्यावर शिल्लक शून्य व्हावी, तशा या दोन लहरी परस्परांना पुष्कळ अंशी नाहीशा करतात. पॉल ल्यूग या जर्मन शास्त्रज्ञाला या कल्पनेचे अमेरिकी पेटंट १९३६ मध्ये मिळाले. पुढे बंगाली पित्याचे पुत्र असलेले अमर बोस १९७८ मध्ये झुरिकहून विमानाने परतत असताना इंजिनाच्या घरघरीने त्रस्त झाले आणि त्या प्रवासातच त्यांनी या विषयाची गणिते मांडली. त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा संच १९८९ मध्ये विक्रीस आला.

या तंत्राचा जन्म विमानाच्या घरघरीसाठी झाला, ही गोष्ट ग्राहकाने विसरू नये. एएनसीचा प्रभाव मुख्यतः खर्जातील, अखंड चालणाऱ्या आवाजावर पडतो. साधारणपणे १,००० हर्ट्झच्या खालील ध्वनी, म्हणजे पंखा, वातानुकूलन यंत्र, शीतकपाट, रस्त्यावरील वाहतुकीची घरघर, हे तिचे खरे क्षेत्र होय. बोलणे, लहान मुलाचे रडणे, कुकरची शिट्टी आणि भांडे पडल्याचा खणखणाट हे आवाज उंच पट्टीचे किंवा अकस्मात येणारे असतात. तेथे यंत्रणा अपुरी पडते आणि काम अडथळ्यावर येते. कित्येकदा घरघर नाहीशी झाल्यामुळे शेजारच्या खोलीतील संभाषण अधिकच स्पष्ट ऐकू येते. महागडा संच घेऊनही काहींची निराशा होते, त्याचे कारण बहुधा हेच असते.

तेव्हा तक्रार माणसांच्या बोलण्याची असेल तर कान पूर्ण झाकणारे, दाट गादीचे हेडफोन किंवा कानात घट्ट बसणारे इअरफोन निवडावेत. एएनसी असल्यास उत्तम, पण भिस्त बसण्यावर ठेवावी. इअरफोनसोबत लहान-मोठ्या मापांची टोके येतात, ती सर्व लावून पाहावीत. चष्मा वापरणाऱ्यांच्या बाबतीत काडीमुळे गादीखाली फट राहते, म्हणून त्यांनी चष्म्यासहच पारख करावी. केवळ वाचन करावयाचे असेल, काही ऐकावयाचे नसेल, तर औषधाच्या दुकानात अल्प किमतीत मिळणारे फोमचे इअरप्लग अनेकदा पुरेसे ठरतात.

खोक्यावरील अक्षरे डोळसपणे वाचावीत. ‘ईएनसी’ असे लिहिलेले असेल तर ती सोय आपल्या कानासाठी नसते. फोनवर बोलताना आपल्या मागचा गोंगाट समोरच्या व्यक्तीला कमी ऐकू जावा, एवढेच तिचे काम. स्वस्त मालावर हे अक्षर ठळक छापलेले असते आणि ग्राहक फसतो. तसेच ‘४० डेसिबलपर्यंत’ या शब्दांतील ‘पर्यंत’ महत्त्वाचा आहे. तो आकडा बहुधा एखाद्या अनुकूल कंपनसंख्येवरचा सर्वोच्च असतो, सरसकट सर्व आवाजांचा नव्हे.

कापडाचा पोत आपण बोटांनी चाचपून पाहतो, त्याच न्यायाने परत करण्याची सवलत असेल तेथूनच खरेदी करावी. घरी आणल्यावर गाणे न लावता संच कानावर चढवावा, पंखा आणि मिक्सर चालू करावा आणि कुणाला तरी शेजारच्या खोलीत बोलावयास सांगावे. गादी बदलून मिळते का आणि बॅटरी संपल्यावर तार जोडून संच चालतो का, हेही विचारून घ्यावे.

या सर्वांत खरे भांडवल आहे ते कान. अंतःकर्णात जन्मतः सुमारे १६,००० सूक्ष्म संवेदक पेशी असतात आणि नष्ट झालेली पेशी पुन्हा उगवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्यास ४० तास, आणि मुलांसाठी ७५ डेसिबल तितकाच काळ, ही मर्यादा सांगितली आहे. पातळी ३ डेसिबलने वाढली की ध्वनिऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित काळ निम्म्यावर येतो. गोंगाटावर मात करण्यासाठी गाण्याचा आवाज वाढविणे हे चक्रवाढ व्याजाच्या कर्जासारखे आहे. चांगल्या हेडफोनचा खरा लाभ हा की, बाहेरचा गलका कमी झाल्याने आतला आवाजही कमी ठेवता येतो. तो तसा ठेवला नाही, तर खरेदीचा अर्धा हेतू वाया गेला.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. स्वयंपाकघरात आणि रस्त्यावर कान बंद करू नयेत. घरात वृद्ध आजारी असतील तर त्यांची हाक दुसरे कोण ऐकणार, हे आधी ठरवूनच हेडफोन लावावेत. आणि खर्चापूर्वी घरगुती उपाय जरूर करावेत: मिक्सरखाली रबरी चटई, दाराच्या फटीला पट्टी, अभ्यासाच्या वेळी दूरदर्शनचा आवाज खाली. हे उपाय केल्यावर जो गोंगाट उरेल, त्याच्याच मापाचे हेडफोन घ्यावेत.