हिरमुसून गप्प बसू नका

मुंबईहून निघालेल्या कॉर्डेलिया क्रूझवरील 66 जणांना कोरोना झाल्याचे जानेवारी 2022 मध्ये गोव्यातील चाचण्यांत आढळले आणि जहाज मुंबईला परतले. अशा वेळी हिरमोड होणारच. साथ किंवा वादळ कंपनीच्या हाती नसते, हे म्हणणे रास्त आहे. सुरक्षिततेसाठी मार्ग बदलला तर तो मान्यच करावा. पण कोणत्याही कंपनीने न दिलेल्या सेवेचे पैसे ठेवून घेणे हा निसर्गाचा कोप नव्हे. ते पैसे परत मागण्यासाठी, समजा, यवतमाळ जिल्ह्यातील कळंबच्या एखाद्या कुटुंबाला मुंबई गाठण्याचीही गरज नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार राहत्या जिल्ह्यातच, म्हणजे यवतमाळच्या ग्राहक आयोगाकडे, 2 वर्षांच्या आत दाद मागता येते. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्कही नाही. तिकीट, पावती, कंपनीचे संदेश जपून ठेवा आणि आधी लेखी परतावा मागा.