सरासरीआड दडलेली बाई

"पोटुशी असताना ग्रहण पाहिलंस, म्हणून पोर बहिरं झालं." वस्तीतल्या एका मैत्रिणीला सासूने हे ऐकवलं तेव्हा मी तिथेच बसले होते. तिला दुसऱ्या महिन्यात अंगावर बारीक पुरळ आलं होतं, दोन दिवस कणकण होती. कुणी लक्ष दिलं नाही. तो रुबेला असावा, असं डॉक्टर फार उशिरा म्हणाले. तोवर दोष तिच्या माथी बसला होता.

रुबेला मुलांना फारसा छळत नाही. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत झाला, तर मात्र बाळाचे कान, डोळे, हृदय यांवर घाला घालतो. आणि इथेच साथीचं गणित बाईच्या मुळावर येतं. एका रोग्यापासून सरासरी सहाजणांना लागण होत असेल, तर सहांतल्या पाचांना प्रतिकारशक्ती आल्यावर साथ विझते. ही सामूहिक प्रतिकारशक्ती. (इंग्रजीत तर चक्क 'कळपाची' म्हणतात!) पण निम्म्याच मुलांना लस दिली तर? साथ थांबत नाही, रेंगाळते. लहानपणी होऊन जाणारा आजार उरलेल्यांना विशीत गाठतो. एकूण रोगी घटतात, म्हणून तक्त्यावर यश दिसतं. आणि गरोदर बायांमधले रोगी वाढू शकतात.

गणितज्ञांनी हा धोका १९८०च्या दशकातच मांडला होता. ग्रीसमध्ये १९७५च्या सुमारास लस सुरू झाली, पण पुढच्या दशकात ती निम्म्या मुलांपर्यंतही पोचली नाही. १९९३ साली साथ आली ती तरुणांमध्ये. त्यानंतर २५ बाळं रुबेलाची खूण घेऊन जन्मली.

आपल्याकडे काय? पैसे मोजणाऱ्यांच्या मुलांना खासगी दवाखान्यात ही लस कितीतरी वर्षं मिळत होती. सरकारी मोहीम सुरू झाली २०१७ साली, महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८मध्ये. तीही नऊ महिने ते पंधरा वर्षांपर्यंतच्यांसाठी. तेव्हाच्या सोळा-सतरा वर्षांच्या मुली आज आई होण्याच्या वयात आहेत. पुष्कळजणींना रुबेला लहानपणीच होऊन गेला असेल. जिला झाला नाही, तिची विचारपूस कुणी केली?

राज्याची सरासरी आम्हाला दाखवू नका, वस्तीवार आकडे द्या. ही लस गरोदरपणी देत नाहीत. म्हणजे ती आधीच, आणि फुकट, मिळायला हवी. आम्ही चौघीजणी जवळच्या सरकारी दवाखान्यात मागायला गेलो. उत्तर आलं, "ती लहान मुलांची लस आहे, बायकांची नाही."