परराष्ट्र सेवा पहिल्या पसंतीची हवी

पुण्यात एरंडवण्याकडून नवी पेठेच्या बाजूला जाणारा म्हात्रे पूल स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांच्या रोजच्या पायाखालचा आहे. अभ्यासिकांनी गजबजलेली सदाशिव पेठ आणि नवी पेठ तिथून हाकेच्या अंतरावर आहेत. ज्यांचे नाव या पुलाला दिले आहे ते रवींद्र म्हात्रे बर्मिंगहॅममधल्या भारतीय कार्यालयात राजनैतिक अधिकारी होते. ३ फेब्रुवारी १९८४ रोजी मुलीच्या वाढदिवसाचा केक घेऊन घरी परतताना त्यांचे अपहरण झाले. काश्मिरी फुटीरतावादी मकबूल भटला सोडा, अशी अपहरणकर्त्यांची मागणी होती. दोन-तीन दिवसांतच म्हात्रे यांची हत्या झाली. त्यांनी पत्करलेल्या सेवेबद्दल पुलापलीकडच्या अभ्यासिकांमध्ये फारसे बोलले जात नाही.

तिथे बोलले जाते ते कलेक्टर आणि एसपी या पदांबद्दल. महाराष्ट्रातून केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा देणाऱ्या बहुतेक मुलांच्या पसंतीक्रमात आधी आयएएस, मग आयपीएस आणि नंतर कुठेतरी परराष्ट्र सेवा येते. गावात सत्कार होतो तोही ‘आपला पोरगा कलेक्टर झाला’ म्हणून. कलेक्टरच्या कामाचे मोल कमी नाही. पण परराष्ट्र सेवा म्हणजे परदेशातल्या मेजवान्या आणि गुळगुळीत इंग्रजी, त्याचा आपल्या मातीशी काय संबंध, हा समज साफ चुकीचा आहे आणि महाराष्ट्राचे नुकसान करणारा आहे.

हापूसचेच पाहा. फळमाशी सापडल्याचे कारण देऊन युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंब्याला दार बंद केले. ऐन हंगामात रत्नागिरी आणि देवगडच्या बागायतदारांवर हे संकट कोसळले. ही बंदी उठायला जानेवारी २०१५ उजाडले. दरम्यान पॅकहाउसची तपासणी झाली, फळांवरच्या प्रक्रियेचे नियम कडक झाले, युरोपचे निरीक्षक इथे येऊन पाहणी करून गेले. कृषी खात्याने इथली व्यवस्था सुधारायची आणि ती सुधारली आहे हे ब्रुसेल्समध्ये बसून पटवून द्यायचे, असे हे दुहेरी काम असते. अमेरिकेची बाजारपेठ तर २००७ पर्यंत जवळपास दोन दशके बंदच होती. २००६ मध्ये दोन्ही देशांत समझोता झाला आणि २००७ च्या हंगामात नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावच्या केंद्रात विकिरण प्रक्रिया केलेला आंबा अमेरिकेला रवाना झाला. द्राक्षे, कांदा, साखर, डाळिंब या सगळ्यांची निर्यात कुठल्या ना कुठल्या देशाच्या नियमावर अडते किंवा सुटते. तिथे आपली बाजू मांडणाऱ्या अधिकाऱ्याला द्राक्षबागेचे अर्थकारण घरातूनच माहीत असेल, तर त्याच्या बोलण्याला वेगळे वजन येते.

दूतावासातली सगळ्यांत जड फाइल मात्र करारांची नसते. आखाती देशात कामाला गेलेला एखादा मजूर तिथे दगावतो, तेव्हा त्याचे पार्थिव गावी पाठवण्यासाठी किती कागद लागतात ते पाहावे. स्थानिक मृत्यूचा दाखला, पोलिसांचे ना-हरकत पत्र, शवलेपनाचे प्रमाणपत्र, रद्द केलेला पासपोर्ट, वारसांचे संमतिपत्र, आणि हे सगळे जुळले की विमान कंपनीची परवानगी. मालकाने पगार थकवला असेल तर त्याचा पाठपुरावा वेगळाच. इकडे गावात घरच्यांच्या नजरा फोनकडे लागलेल्या असतात. ही फाइल अनेकदा तिशीही न गाठलेल्या अधिकाऱ्याच्या टेबलावर येते. लोकांच्या उपयोगी पडायचे म्हणून प्रशासनात जायचे असेल, तर याहून थेट उपयोग दुसरा कोणता?

हेच काम कधी हजारोंच्या संख्येने अंगावर येते. १९९० मध्ये कुवेतवर इराकने ताबा मिळवला, तेव्हा सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना विमानांनी मायदेशी आणले गेले. २०२२ मध्ये युक्रेनमधून साडेबावीस हजारांच्या आसपास भारतीय परतले. त्यांत बहुसंख्य वैद्यकीयचे विद्यार्थी होते आणि महाराष्ट्रातलीही मुले होती. युक्रेनच्या सीमा ओलांडणाऱ्या या मुलांसाठी पोलंड, रुमानिया, हंगेरी, स्लोव्हाकिया इथल्या दूतावासांनी रात्रंदिवस जेवणाची, निवाऱ्याची आणि बसची सोय केली.

हेरगिरीच्या आरोपावरून पाकिस्तानने पकडलेल्या कुलभूषण जाधव यांचे प्रकरण महाराष्ट्राने जिवाला लावून घेतले. पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये त्यांना फाशी सुनावली आणि मे महिन्यात भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. भारताचे वकील हरीश साळवे यांचा युक्तिवाद सर्वांच्या लक्षात आहे. पण त्या खटल्याचा पाया परराष्ट्र खात्याच्या फायलींत होता. जाधव यांना भेटू द्या, अशी लेखी मागणी भारताने पुन्हा पुन्हा केली होती आणि प्रत्येक नकाराची नोंद ठेवली होती. अटकेतल्या परदेशी नागरिकाला त्याच्या दूतावासाशी संपर्काचा हक्क देणारे १९६३ च्या व्हिएन्ना करारातले कलम ३६ त्या नोंदींमुळेच कामी आले. १७ जुलै २०१९ रोजी न्यायालयाने १५ विरुद्ध १ अशा मतांनी पाकिस्तानने या कराराचा भंग केल्याचे सांगितले आणि फाशीवरची स्थगिती कायम ठेवली. जाधव अजून तिथल्या तुरुंगात आहेत, म्हणजे काम अपुरेच आहे.

इंग्रजीची भीती हा मराठी मुलांचा सगळ्यांत मोठा अडसर. मुख्य परीक्षेचे सामान्य अध्ययनाचे पेपर मराठीतून लिहिता येतात, मुलाखतही मराठीतून देता येते. पूर्वपरीक्षेची प्रश्नपत्रिका मात्र इंग्रजी आणि हिंदीतच असते, त्यामुळे वाचून समजण्याइतके इंग्रजी लागतेच. सेवेत गेल्यावर प्रत्येकाला एक परकी भाषा मुळापासून शिकावी लागते आणि तिथे कॉन्व्हेंटवाला आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतला, दोघेही पहिल्याच धड्यावर असतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुल लाटचे ज्ञानेश्वर मुळे जपानी शिकले, टोकियोत राहिले, मालदीवमध्ये उच्चायुक्त झाले, न्यूयॉर्कमध्ये महावाणिज्यदूत झाले. परराष्ट्र खात्यात सचिव असताना त्यांच्या कारकिर्दीत टपाल कार्यालयांत पासपोर्ट केंद्रे सुरू झाली. २०१७ मध्ये सुरू झालेल्या या केंद्रांची संख्या आज चारशेहून अधिक आहे आणि पासपोर्टसाठी महानगर गाठण्याची लाखो लोकांची पायपीट त्यामुळे वाचली. पासपोर्टसाठी खेड्यातल्या माणसाला काय यातायात पडते, हे खेड्यातून आलेल्या अधिकाऱ्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. विजय गोखले चिनी शिकले, बीजिंगमध्ये राजदूत झाले आणि २०१८ ते २०२० या काळात परराष्ट्र सचिव होते. निरुपमा राव मूळच्या केरळच्या, पण इंग्रजी साहित्यात एम.ए. केले ते औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठातून. १९७३ च्या तुकडीत त्या देशात पहिल्या होत्या. कलेक्टर होणे सहज शक्य असताना त्यांनी परराष्ट्र सेवा निवडली आणि २००९ मध्ये त्या परराष्ट्र सचिव झाल्या.

मुलींसाठी ही वाट सोपी नव्हती. या सेवेतल्या पहिल्या महिला अधिकारी सी. बी. मुथम्मा १९४९ मध्ये दाखल झाल्या. महिला अधिकाऱ्याने लग्नासाठी सरकारची लेखी परवानगी घ्यावी, असा नियम त्यांच्या काळात या सेवेत होता. बढती डावलली गेली तेव्हा त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९७९ च्या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी अशा नियमांवर कडक ताशेरे ओढले. आजच्या मुली त्या लढाईचे फळ घेत आहेत.

या नोकरीची किंमतही मोठी आहे. तीन-तीन वर्षांनी देश बदलतो, मुलांची शाळा बदलते, जोडीदाराची नोकरी बहुधा सुटते. आई-वडील थकतात तेव्हा मुलगा किंवा मुलगी सात समुद्रांपलीकडे असते. काबूलच्या भारतीय दूतावासावर जुलै २००८ मध्ये झालेल्या आत्मघाती हल्ल्यात परराष्ट्र सेवेतले व्ही. व्यंकटेश्वर राव मारले गेले. हे सगळे माहीत करून घेऊनच निर्णय घ्यायला हवा.

सरकारचीही यात जबाबदारी आहे. एवढ्या मोठ्या देशाच्या परराष्ट्र सेवेत अधिकारी जेमतेम एक हजाराच्या आसपास आणि त्यांना दोनशेच्या घरातली कार्यालये सांभाळायची. २०२३ च्या परीक्षेतून आयएएससाठी १८० जागा भरायच्या होत्या, परराष्ट्र सेवेसाठी ३७. पुढच्या वर्षी हा आकडा ५५ वर गेला, पण तोही अपुराच. २०२३-२४ च्या ४५ लाख कोटींच्या अर्थसंकल्पात या खात्याच्या वाट्याला आले १८,०५० कोटी, म्हणजे शंभर रुपयांतले चाळीस पैसे. त्यातलाही मोठा भाग शेजारी देशांना मदत म्हणून जातो. जगात मानाचे स्थान हवे असेल तर ही कंजुषी थांबवावी लागेल.

जागा कमी म्हणून वाट बंद नाही. कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधर परीक्षेतून परराष्ट्र खात्यात सहायक कक्ष अधिकारी होता येते आणि दूतावासांत नेमणूक मिळते. मराठी मुलांना या पदाची नीट माहितीच नसते. ती देण्याचे काम क्लासचालकांनी आणि महाविद्यालयांनी करायला हवे. जिल्ह्याच्या ठिकाणी जपानी, जर्मन, अरबी, चिनी शिकवणारे वर्ग विद्यापीठांनी सुरू करावेत. आणि ज्यांना जगाची, भाषांची, इतिहासाची खरी ओढ आहे, त्यांनी पुढच्या वेळी पसंतीक्रम भरताना शेजाऱ्याचा अर्ज पाहू नये. परराष्ट्र सेवा पहिल्या क्रमांकावर लिहावी, आणि घरच्यांनी त्यांच्या पाठीशी उभे राहावे.