चार मिनिटांना लाख रुपये?

सध्या आमच्या सायकलिंग ग्रुपमध्ये एकच चर्चा चालू आहे. रोड बाईक विकून ट्रायथलॉन बाईक घ्यायची का? सुरुवात माझ्यापासूनच झाली. पुण्याचा माझा आत्येभाऊ त्याची ट्रायथलॉन बाईक एक लाख साठ हजारांना काढतोय आणि "घरातल्या घरात राहील" म्हणून पहिला फोन मला आला. फोटो बघून ग्रुपमधल्या एकाने विचारलं, "सायकल घ्यायलीस का विमान बे?" चेष्टा सोडा, पण प्रश्न गंभीर आहे. कारण गोव्याची हाफ आयर्नमन करायची म्हणणारे आपल्या कॉलेजात आता चार-पाच जण तरी आहेत, आणि प्रत्येकाच्या खरेदीच्या यादीत ही बाईक सगळ्यात वर असते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. (घरी आयर्नमन म्हटलं की मिलिंद सोमण! २०१५ साली त्याने झुरिकला पन्नाशीच्या उंबरठ्यावर पूर्ण आयर्नमन केली, तेव्हापासून सगळ्या काकूंना हा शब्द पाठ आहे.) गोव्यात २०१९ मध्ये मिरामारला पहिल्यांदा झाली ती त्याच्या निम्म्या अंतराची. १.९ किलोमीटर समुद्रात पोहायचं, ९० किलोमीटर सायकल आणि वर २१.१ किलोमीटर पळायचं. ट्रायथलॉन बाईक या मधल्या ९० किलोमीटरसाठी बनवलेली असते. हँडलवर पुढे आलेल्या दोन दांड्या, कोपर टेकायला पॅड, आणि सीट थोडी पुढे सरकलेली. त्या दांड्यांना एरोबार म्हणतात. मराठीत काय म्हणतात ते मला विचारू नका, मी कॉन्व्हेंटवाली!

आता जरा फ्लुइड मेकॅनिक्स. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि तो तोडायला लागणारी पॉवर वेगाच्या घनाच्या प्रमाणात. ओरलला पाठ म्हटलेलं हे वाक्य सायकलवर बसल्यावर पायांना कळतं. शिवाय या विरोधातला मोठा वाटा सायकलचा नसतोच, आपल्या अंगाचा असतो. म्हणजे खरा फायदा कार्बन फ्रेमचा नाही, वाकून, हात जवळ घेऊन बसण्याचा आहे.

मी माझं गणित मांडलं. मी आणि सायकल मिळून ६८ किलो, सपाट रस्ता, वारा नाही. साध्या हँडलवर माझा ताशी २६ किलोमीटर वेग धरला, तर ९० किलोमीटरला साधारण २०८ मिनिटं लागतात. ड्रॅग एरिया साध्या हँडलवर ०.३२ चौरस मीटर, रोड बाईकलाच क्लिप-ऑन एरोबार लावले तर ०.२७५ आणि ट्रायथलॉन बाईकवर ०.२५५ असा धरला. तेवढ्याच ताकदीत क्लिप-ऑनवर १९९ मिनिटं आली आणि ट्रायथलॉन बाईकवर १९५. आकडे अंदाजाचे आहेत, थोडे इकडेतिकडे होतील. पण गोष्ट स्पष्ट आहे. १३ मिनिटांतली ९ मिनिटं काही हजारांच्या दोन दांड्याच देतात. माझी रोड बाईक विकूनही वर जो लाखभर रुपये घालायचा, तो उरलेल्या चार मिनिटांसाठी!

दांड्यांची ताकद बघायची असेल तर १९८९ चं टूर द फ्रान्स आठवा. शेवटच्या दिवशी व्हर्साय ते पॅरिस २४.५ किलोमीटरची टाइम ट्रायल होती. ग्रेग लेमाँड ५० सेकंदांनी मागे होता. त्याने ट्रायथलॉनवाल्यांकडून आलेल्या दांड्या हँडलला लावल्या. लॉराँ फिन्योंने लावल्या नाहीत, वर पोनीटेल वाऱ्यावर मोकळी. तीन आठवड्यांची शर्यत लेमाँडने ८ सेकंदांनी जिंकली.

अजून एक गंमत. ट्रायथलॉन सिडनीला २००० साली ऑलिंपिकमध्ये आलं, पण तिथे ट्रायथलॉन बाईक चालतच नाही. तिथे एकमेकांच्या मागे चिकटून चालवायला परवानगी आहे, म्हणून वळलेल्या हँडलची रोड बाईकच लागते. आयर्नमनमध्ये उलटं, दुसऱ्याच्या आडोशाने जायला बंदी. म्हणजे ही एकट्याने, मोकळ्या रस्त्यावर, कुणाच्या जवळ न जाता चालवायची सायकल आहे.

माझा खरा आक्षेप इथेच आहे. आपला रस्ता कुठला? अक्कलकोट रोड. कुंभारी, वळसंग, मध्ये गतिरोधक, ऊस चालू झाला की जोड ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, आणि बाजूने कधीही आडवी येणारी म्हैस. ट्रायथलॉन बाईकवर गिअर दांड्यांच्या टोकाला असतात आणि ब्रेक बाहेरच्या हँडलला. वाकून बसलं की ब्रेकवर हात नाही. मग प्रत्येक गावात उठायचं, गाव संपलं की परत वाकायचं. जेवढा वेळ उठून चालवलं तेवढा वेळ लाखाची सायकल आणि माझी सायकल सारखीच! तुळजापूर रोड उत्तरेला जातो, त्यामुळे जून-जुलैत पश्चिमेचा वारा थेट कुशीत बसतो. अशा वेळी कोपरांवर तोल सांभाळणं म्हणजे काय ते करून बघा. (हळू करून बघा.)

आणि मुलींचं काय? आम्ही पहाटे साडेपाचला निघतो ते सहा-सात जण मिळून. घरून परवानगी ग्रुपला आहे, मला नाही. माझी आई रोज विचारते, "कोण कोण आहे?" ब्रेकपासून लांब हात ठेवून ग्रुपमध्ये चालवणारा शेजारी कुणालाच नको असतो, आणि ते बरोबरच आहे. म्हणजे ती बाईक घेतली की तिच्यावर खरा सराव करायला मला एकटीनेच जावं लागणार. अंधारात, हायवेला, खाली मान घालून. हे कुठल्याच रिव्ह्यूमध्ये लिहिलेलं नसतं. रिव्ह्यू लिहिणाऱ्यांना बहुतेक कुणी "कोण कोण आहे?" विचारत नसावं.

दादाचं म्हणणं मी ऐकून घेतलं. सीट पुढे असल्याने कंबरेचा कोन उघडा राहतो आणि उतरल्यावर पळताना पाय हलके वाटतात, असं तो सांगतो. त्याला तसा अनुभव असेलच. तो दहा वर्षं हे करतोय, पूर्ण आयर्नमनचे १८० किलोमीटर चालवतो, घरात ट्रेनरवर तासन् तास त्याच पोझिशनमध्ये बसतो. त्याने ती घेतली यात चूक काही नाही. पण ज्यांनी अजून एकही हाफ पूर्ण केलेली नाही, त्यांनी का घ्यावी? आपल्याकडे बाभळीच्या काट्याने पंक्चर होणं नेहमीचं, तिथे खोल रिमच्या चाकाला लांब वॉल्व्हची ट्यूब लागते. ती वळसंगला कोण देणार आहे? फ्रेमच्या आतून गेलेल्या केबल, त्याच कंपनीचा सीटपोस्ट... काही बिघडलं की सायकल पुण्याला!

त्या चार मिनिटांचं दुसरं गिऱ्हाईक पोहणं आहे. १.९ किलोमीटरमध्ये दर शंभर मीटरला १३ सेकंद कमी केले की चार मिनिटं वाचली. माझं पोहणं इतकं वाईट आहे की १३ सेकंद कोच पहिल्या महिन्यातच काढेल. कोचची फी, चांगले टायर आणि क्लिप-ऑन, सगळं मिळूनसुद्धा लाखाच्या आसपास जात नाही.

क्लिप-ऑन मागवलेत. माझ्या हँडलचा व्यास ३१.८ मिलिमीटर आहे, तेवढा बघूनच घ्या, नाहीतर बसत नाहीत. ग्रुपबरोबर असताना त्यांना हात लावायचा नाही, असं आम्ही ठरवलंय. दादाला नको म्हणून कळवलं तेव्हा तो म्हणाला, "विचार कर, असा सौदा परत मिळणार नाही." दोन दिवसांत बाईक बंगलोरच्या एका माणसाने नेली. तिकडचे रस्ते चांगले असतील तर छानच.