दुर्गम, पण कुणापासून?

मध्यंतरी एका माजी विद्यार्थ्याने एक मजकूर वाचायला पाठवला. सोबत एवढेच लिहिले होते, "सर, तुम्हांला आवडेल." इंडोनेशियातल्या एका दुर्गम डोंगरी गावात कसे राहावे, तिथे पैसे कसे गुंतवावेत आणि भोवतालचा मुलूख कसा पाहावा, याचे ते मार्गदर्शन होते. भाषा सफाईदार होती. धुके होते, भातखाचरे होती, हसऱ्या चेहऱ्यांची माणसे होती, आणि चौथ्या परिच्छेदात जमिनीचा भाव होता. विमानतळापासूनचे अंतर होते, समुद्रसपाटीपासूनची उंची होती. गावाचे नाव तेवढे नव्हते.

मला ते आवडले नाही. नावडण्याचे कारण सविस्तर मांडतो, कारण असा मजकूर ज्या गद्यातून निपजतो ते गद्य आपण वर्गात शिकवतो.

राहणे, गुंतवणे आणि फिरणे ही तीन क्रियापदे त्या लेखात एकाच कर्त्याला जोडली आहेत. व्याकरणाला ते चालते, गावाला चालत नाही. राहणाऱ्याच्या वाट्याला गावाचे ओझे येते : पाण्याची पाळी, मर्तिकाचा खांदा, भांडणात घ्यावी लागणारी बाजू. फिरणारा हा पाहुणा. त्याला यजमानाच्या घरचे नियम पाळावे लागतात. गुंतवणाऱ्याची पहिली अट मात्र निघून जाता येण्याची असते. बाहेर पडायची वाट आधी आखून मग आत येणाऱ्या माणसाला 'रहिवासी' म्हणणे ही शब्दाची फसवणूक आहे.

उदाहरण घेऊ. फ्लोरेस बेटाच्या पश्चिम भागात मांगराई लोकांचे वाए रेबो नावाचे गाव आहे. मी तिथे गेलेलो नाही. लिहितो ते वाचनाच्या आधारे. डेंगे गावाच्या पुढे पायवाट चढून तिथे पोचावे लागते. डोंगरांच्या कुशीत सात शंकूच्या आकाराची, जमिनीपर्यंत शाकारलेली घरे. त्यांना 'म्बारू नियांग' म्हणतात. घराला पाच मजले असतात. खाली माणसे राहतात, वर धान्य, त्याच्या वर बियाणे, त्याच्याही वर दुष्काळासाठी राखलेला साठा, आणि अगदी शेंड्याला पूर्वजांचा नैवेद्य. घराची ही रचना म्हणजे घरातल्यांच्या चिंतांचा चढता क्रम आहे. प्रवासलेखकाला मात्र त्यात 'परीकथेतले घर' दिसते.

या गावाविषयी हमखास वापरला जाणारा शब्दप्रयोग म्हणजे 'काळ जिथे थांबला आहे'. काळ तिथे मुळीच थांबलेला नाही. मांगराई बहुसंख्येने कॅथलिक आहेत. गेल्या शतकात आलेल्या मिशनऱ्यांचा तो वारसा. गावाचे मुख्य नगदी पीक कॉफी, म्हणजे आणखी एक बाहेरून आलेली गोष्ट. मुलांच्या शाळेसाठी कुटुंबे खालच्या कोम्बो गावात राहतात. आणि ती 'प्राचीन' घरे? २००८च्या सुमारास सातांपैकी चारच उभी होती. वास्तुविशारद योरी आन्तार आणि गावकरी यांच्या प्रयत्नांतून उरलेली पुन्हा बांधली गेली. २०१२ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला तो या कामाला. त्याआधी कित्येक दशके डच अंमलदार आणि पुढे स्वतंत्र इंडोनेशियाचे सरकार, दोघांनीही अनेक कुटुंबांची धुराने भरलेली गोल घरे आरोग्याला अपायकारक ठरवून लोकांना सुटसुटीत चौकोनी घरांकडे ढकलले होते. घरे मोडा म्हणणारे बाहेरचे आणि घरे पाहायला येणारेही बाहेरचेच. या साऱ्या इतिहासावर 'अस्पर्श' हे एक विशेषण पांघरले की काम भागते.

आता जमीन. मांगराई परंपरेत सामाईक शेतजमिनीला 'लिंगको' म्हणतात. 'तुआ तेनो' हा जमिनीचा कारभारी शेताच्या मध्यबिंदूवर खुंट रोवतो आणि तिथून बाहेर रेषा आखत वाटे पाडतो; मध्याशी मोजमाप बोटांनी होते. वरून पाहिले तर कोळ्याचे जाळे दिसते. (चान्चारजवळच्या टेकडीवरून टिपलेली त्याची छायाचित्रे वाचकांनी पाहिली असतील.) ढोल ठेवलेले मूळ घर आत आणि लिंगको बाहेर, ही जोडी मांगराई मनात अतूट आहे, एकावाचून दुसऱ्याला अर्थ नाही. अशा जाळ्यातली एक पाचर 'प्लॉट' म्हणून विकत घेणारा माणूस नेमके काय विकत घेतो?

कायद्याने तर तो काहीच विकत घेऊ शकत नाही. इंडोनेशियाच्या १९६०च्या मूलभूत जमीन कायद्यातल्या २१व्या कलमानुसार पूर्ण मालकी हक्क फक्त नागरिकाला मिळतो. २६व्या कलमानुसार परकीयाकडे प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष मालकी नेणारा व्यवहार रद्द ठरून जमीन सरकारजमा होते. परदेशी माणसाला मुदतीचा वापरहक्क किंवा भाडेपट्टा एवढेच मिळू शकते. तरीही स्थानिकाच्या नावावर जमीन घ्यायची आणि मागे खाजगी करार करायचा, ही वाट बालीत चांगली मळलेली आहे. आपल्याला ती अनोळखी असण्याचे कारण नाही. शेतकरी नसताना सातबारावर येण्यासाठी सह्याद्रीच्या खोऱ्यांत काय काय केले जाते ते आपण शेजारीपाजारी पाहतोच. कुणाच्या तरी नावाआड उभे राहून घेतलेल्या जमिनीवर 'साधे जीवन' जगायचे म्हणजे काय, हे मला उमगलेले नाही.

यावर प्रतिवाद ठरलेला आहे : गावकऱ्यांनाही पैसा हवा असतो. हवाच असतो, आणि हवा असण्यात वावगे काहीच नाही. गरिबीचे सौंदर्य पाहण्याची हौस मला नाही. पण वाए रेबोत पाहुण्यांचा कारभार गाव मिळून पाहते. आलेल्याला आधी ढोलाच्या घरात नेतात; तिथे 'वाएलूउ' हा विधी होतो, वडीलधारा माणूस पूर्वजांना सांगतो की पाहुणे आले आहेत, ते घरी परतेपर्यंत त्यांना सांभाळा. त्यानंतर छायाचित्रे. इथे पैसा येतो तो पाहुण्याच्या नात्याने, आणि अटी गावाच्या असतात. गुंतवणूकदार येतो तो स्वतःच्या अटी घेऊन. या दोहोंतला फरक ज्याला दिसत नाही त्याने गावाबद्दल लिहू नये.

त्याच मांगराई मुलखात पोचो लेओक आहे. २०१७ साली सरकारने फ्लोरेसला 'भूऔष्णिक बेट' घोषित केले. सरकारी वीज कंपनीच्या भूऔष्णिक विस्ताराला पोचो लेओकच्या लोकांनी वर्षानुवर्षे विरोध केला. तीही डोंगरातली गावे, तेच धुके. १९६०चा कायदा परंपरागत सामाईक हक्क मान्य करतो, पण राष्ट्रहिताला बाधा येत नसेल तोवरच. मुळशी ज्यांच्या स्मरणात आहे त्यांना ही अट नवी वाटणार नाही. डोंगरी गावात राहण्याचे मार्गदर्शन करणाऱ्या लेखात याविषयी ओळ नव्हती. तिथे खरोखर राहणाऱ्यांच्या आयुष्यात मात्र हाच विषय रोजचा आहे.

'दुर्गम' या शब्दाकडे तरी आपण नीट पाहू या. जिथे जाणे कठीण ते दुर्गम; पण जाणारा कोण, कुठून निघालेला? वाए रेबोच्या माणसाला वाए रेबो दुर्गम नाही. त्याला दुर्गम आहे ते रुग्णालय, तालुक्याची कचेरी, कॉफीचा भाव ठरतो ती पेठ. हा शब्द वापरताना आपण न सांगता स्वतःला केंद्रस्थानी बसवतो, आणि मराठी प्रवासवर्णनाच्या पानापानांवर हे घडत आले आहे.

दोष आपलाही आहे. प्रवासवर्णनाच्या पेपरात 'निसर्गचित्रण स्पष्ट करा' हा प्रश्न मी स्वतः कितीदा काढला आहे. विद्यार्थी धुक्याला गुण मिळवतात. जमीन कुणाची, लेखकाला जेवू कुणी घातले, त्याला कुठल्या घरात प्रवेश नव्हता, हे मी कधी विचारले नाही. ज्याने तो मजकूर पाठवला त्या विद्यार्थ्याला या पेपरात चांगले गुण होते. मीच दिले होते. गावाचे नाव काय म्हणून मी त्याला उलट विचारले, तेव्हा त्याने लेख पुन्हा उघडून पाहिला. "सर, नाव दिलेलं नाही," एवढेच उत्तर आले.